पटावरचं युद्ध आणि गुंजण मावळातली रिकामी घरं

वॉरगेमचं खोकं पहिल्यांदा उघडणाऱ्याच्या तोंडून बहुधा एकच उद्गार निघतो: ‘एवढं सगळं?’ सापशिडी आणि ल्युडोवर, फार तर ‘व्यापार’वर वाढलेल्या माणसाचं ते साहजिकच आहे. आत घडी घातलेला नकाशा, त्यावर सहा बाजूंची शेकडो घरं, फाशांची पुरचुंडी, आणि अशी एक नियमपुस्तिका की तिच्यापुढे सातबाऱ्याचा उतारा सोपा वाटावा. शिवाय पुठ्ठ्याची पानं. त्यांतून अर्ध्या इंचाचे चौकोनी तुकडे अंगठ्याने दाबून एकेक सोडवायचे, कडेला राहिलेले तंतू नखाने काढायचे, रंगांप्रमाणे डबीत लावायचे. पहिली संध्याकाळ यातच संपते. तुकड्यावर एखादं चिन्ह आणि खाली दोन आकडे. बहुतेक खेळांत डावीकडचा ताकदीचा, उजवीकडचा चालीचा. म्हणजे ४-३ असं छापलेली पलटण चार बळाची आणि एका पाळीत तीन घरं चालणारी.

नवा खेळाडू या तुकड्यांवर भाळतो किंवा त्यांना घाबरतो. खेळाविषयीचं पहिलं मतही त्यांच्यावरूनच बनतं: छपाई कशी आहे, चित्रं कशी आहेत, नियम किती किचकट आहेत. माझ्या मते पहिली नजर दुसरीकडे पडायला हवी. नकाशावरची जी घरं रिकामी आहेत, तिकडे. खेळ करणाऱ्याने कशाला किंमत दिली नाही हे तिथे कळतं.

हे सांगायला मार्गासनीइतकी सोयीची जागा नाही. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव गड चढणाऱ्यांना ठाऊक असतं ते वळण म्हणून. डावीकडे वळलं की साखर, गुंजवणे आणि राजगड; न वळता पुढे गेलं की विंझर, वेल्हे आणि तोरणा. राजगड १३७६ मीटर, तोरणा १४०३ मीटर, दोघांना जोडणारी डोंगराची सोंड, आणि खाली गुंजवणीच्या खोऱ्यातली, म्हणजे गुंजण मावळातली, भातखाचरं. नेहमीच्या पद्धतीने याचा नकाशा करायचा तर राजगडाला एक घर आणि तटबंदीचं चिन्ह, तोरण्याला तसंच एक, मधल्या सोंडेला ‘डोंगर, चालीचा खर्च दुप्पट’. आणि मार्गासनीच्या घरात? फिकट हिरवा रंग, बाकी काही नाही. सैन्याने यावं आणि पुढे जावं. या रिकाम्या घराचं काय करायचं, यावर मराठी इतिहासाचा वॉरगेम जमणार की फसणार हे ठरतं, असं मला वाटतं. आजवर आपल्याकडे आणि बाहेर जे झालं ते याच कसोटीवर घासून पाहायचं आहे.

हा खेळ मुलांसाठी जन्मला नाही. प्रशियातल्या गेओर्ग लिओपोल्ड फॉन राइसवित्झ याने १८१२च्या सुमारास राजाला मेजावर मांडायची लढाई करून दिली. त्याचा मुलगा तोफखान्यातला अधिकारी. त्याने १८२४मध्ये ती कागदी नकाशावर आणली. प्रमाण १:८०००, एक फेरी म्हणजे रणातली दोन मिनिटं, गोळीबाराचा परिणाम फाशांवर. खरी गंमत मात्र पंचाची होती. दोन्ही बाजू आपले हुकूम लिहून पंचाला देत, आणि त्यांच्या सैन्याला प्रत्यक्ष जेवढं दिसलं असतं तेवढंच पंच त्यांच्या नकाशावर मांडी. शत्रू टेकडीमागे असला तर तो नकाशावर नसेच. पुढे १९१३मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यातल्या तोफेने छोटे सैनिक पाडायचा डाव घराघरांत नेला. १९५४मध्ये अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्सने ‘टॅक्टिक्स’ काढला आणि नंतर त्याच्या अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने षट्कोनी घरं रूढ केली. घरगुती खेळाला पंच परवडत नाही. त्यामुळे प्रशियाच्या पटावरून सगळ्यांत आधी काय गेलं असेल तर अंधार. दोघंही भिडू सगळा नकाशा पाहतात, एकमेकांचे आकडे वाचतात. गनिमी काव्यावर पोसलेल्या वाचकाला हे पहिल्याच डावात खटकतं, आणि खटकायलाच हवं.

लष्कराने तो अंधार सोडलेला नाही. खडकवासल्याच्या प्रबोधिनीपासून पुढे प्रत्येक टप्प्यावर अधिकाऱ्याला वाळूत डोंगर-ओढे उभे करून त्यावर बेत समजावायला शिकवतात. त्याला ते ‘सँड मॉडेल’ म्हणतात. नौदलाचं युद्ध महाविद्यालय १९८८मध्ये मुंबईजवळ करंजाला सुरू झालं आणि २०११मध्ये गोव्याला गेलं. तिथे वॉरगेम हा अभ्यासाचा भाग आहे. पण ते खेळ आपल्या मेजावर येत नाहीत.

आपल्या मेजावर होतं ते बुद्धिबळ. मूळच्या पैठणच्या, काशीला स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठभट्टांनी १७व्या शतकात ‘नीतिमयूख’ लिहिला. ग्रंथ राजनीतीचा, पण त्यात बुद्धिबळाचंही विवेचन आहे, म्हणजे राजाच्या शिक्षणात पट धरलेला होता. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं बुद्धिबळावरचं पुस्तक १८१४मध्ये मुंबईत इंग्रजीतून छापलं गेलं. सांगलीचं नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१पासूनचं. आणि जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. परंपरा भरभक्कम आहे, वादच नाही. पण बुद्धिबळातून युद्ध केव्हाच निघून गेलं. हत्ती ओढ्यात रुतत नाही, घोड्याला चारा लागत नाही, प्यादं पेरणीच्या दिवसांत गावी पळत नाही. ६४ घरांतलं एकही घर दुसऱ्याहून चढावाचं नाही. त्याला वॉरगेमचा आजोबा म्हणावं, मान द्यावा, पुढे जावं.

त्यापेक्षा वाघबकरीकडे थांबून पाहण्यासारखं आहे. लेण्यांच्या ओट्यांवर, देवळांच्या पायऱ्यांवर, किल्ल्यांच्या कातळावर कोरलेले हे पट हौशी माणसाला आजही सापडतात. रात्रीचा पहारेकरी आणि दिवसाचा गुराखी, दोघांचाही वेळ त्यावर गेला असणार. प्रकार अनेक आहेत. पाच बाय पाच टिंबांच्या चौकोनी पटावर चार वाघ आणि वीस बकऱ्या. त्रिकोणी पटावर तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या. चौकोनी पटावर वाघ चार कोपऱ्यांत उभे. बकरीवाला एकेक बकरी मांडत जातो, आणि साऱ्या मांडून होईपर्यंत मांडलेली बकरी हलवायची नाही. वाघाने शेजारच्या बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या टिंबावर उडी मारली की ती बकरी गेली. बकऱ्या कुणाला मारत नाहीत. त्यांनी चारी वाघांची वाट बंद केली की डाव त्यांचा.

नवशिका पहिली बकरी मधोमध ठेवतो आणि गमावतो. मुरलेला कडेने लावत येतो. कडेच्या बकरीवरून उडी मारायची तर वाघाला कडेकडेनेच यावं लागतं, आणि तिच्या पाठचं टिंब भरलेलं असलं की तिला धक्का लागत नाही. मग कडा भरत भरत आत सरकायचं, आणि अधूनमधून एखादी बकरी जाणूनबुजून द्यायची, कारण ती खायला गेलेला वाघ जिथे उतरतो तिथून त्याला परतायला वाट राहत नाही. सिंगापुरातल्या संशोधकांनी चार वाघांचा, वीस बकऱ्यांचा, वाघांनी पाच बकऱ्या खाल्ल्या की जिंकले असा हा डाव संगणकावर पूर्ण पडताळला. दोन्ही बाजूंनी चूक केली नाही तर बरोबरी होते. थोडे बलदंड आणि पुष्कळ दुबळे, दोघांची हत्यारं निराळी, दोघांची जिंकण्याची व्याख्या निराळी, आणि तरी तराजू समतोल. पाश्चात्त्य वॉरगेमवाले या असमान बाजूंच्या खेळाचं अलीकडे मोठं कौतुक करतात. जीएमटी या अमेरिकी कंपनीची बंडखोरीवरची मालिका २०१२मध्ये सुरू झाली ती याच बळावर. आपल्या कातळावर ते आधीच कोरलेलं होतं.

कातळावरच्या पटाला एकच गोष्ट नाही, ती म्हणजे जमीन. जमीन सापडते दिवाळीत. पुण्यामुंबईच्या चाळींपासून मावळातल्या अंगणांपर्यंत पोरं दगड रचून, वर गोणपाट टाकून, चिखल लिंपून किल्ला करतात. हळीव किंवा मोहरी पेरून त्यावर हिरवळ आणतात. पायऱ्या काड्यापेटीच्या, तळं फुटक्या आरशाचं. बाजारातून मातीचे मावळे येतात. सिंहासनावरचे महाराज बुरुजापेक्षा उंच असतात, पायथ्याचा वाघ हत्तीएवढा असतो, आणि घाटरस्त्यावर हमखास एक प्लॅस्टिकचा ट्रक. वेल्स पाहता तर हरखला असता. त्याने घराच्या फरशीवर ठोकळ्यांची गावं मांडून जे केलं, ते इथे लाखो मुलं दरवर्षी करतात. फरक इतकाच की आपण तो किल्ला खेळत नाही. मांडतो, शेजाऱ्यांना दाखवतो, स्पर्धेला लावतो. त्याच्यावर लढाई होते ती शेवटच्या दिवशी, सुतळी बॉम्ब लावून.

म्हणजे दोन्ही अर्धुकं आपल्या घरात आहेत. एकीकडे नियम आहेत आणि भूगोल नाही. दुसरीकडे भूगोल आहे आणि नियम नाहीत. ती आपण एकत्र का आणली नाहीत, याचं उत्तर मी पैशात किंवा छपाईत शोधणार नाही. त्याकडे शेवटी येतो.

परदेशी खोक्यांत आपला इतिहास कसा येतो, हे पाहणं उद्बोधक आहे. तिथल्या छोट्या पुतळ्यांच्या खेळगड्यांना असईची लढाई आवडते: २३ सप्टेंबर १८०३, आजचा जालना जिल्हा, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातली जागा. एक दिवस, एक मैदान, लाल डगले, आणि समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफा. इंग्रज सेनापती वेलस्लीचे सुमारे १५०० लोक पडले किंवा जखमी झाले, त्यामुळे चुरसही आहे. मेज यासाठीच बनलेलं असतं. मराठे युरोपीय पद्धतीने रांगा धरून उभे राहिले की त्यांचे पुतळे विकले जातात, असं थोडं तिरकसपणे म्हणता येईल. याउलट पालखेड घ्या. फेब्रुवारी १७२८मध्ये बाजीरावाने निजामाला महिनोन्‌महिने फिरवून, रसद आणि पाणी तोडून कोंडीत धरलं, आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. मोठी लढाई झालीच नाही. ताकदीच्या आकड्यांवर चालणाऱ्या खेळात पालखेड मांडा, तुकड्याला तुकडा भिडणार नाही, आणि पाहुणा म्हणेल की यात काही घडतच नाही.

पानिपताचं दुखणं आणखी खोल आहे. १४ जानेवारी १७६१च्या सकाळपासून पट मांडला की गारद्यांच्या तोफा, गोलाची रचना, विश्वासरावांना लागलेली गोळी, सगळं येतं आणि खेळ रंगतो. पण त्या सकाळी मराठी छावणी उपाशी होती. कुंजपुरा घेतला १७ ऑक्टोबर १७६०ला. आठवडाभरात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्लीची वाट अडवून बसला. डिसेंबरात रसदीची भिस्त असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले. शेजवलकरांनी १९४६मध्ये पानिपतावरचं पुस्तक काढलं तेव्हापासून मराठी वाचक सदाशिवरावभाऊंच्या चुकांवर वाद घालतो आहे. त्या वादाचा निम्मा भाग खरं तर एवढाच आहे की मोजायला सुरुवात कोणत्या तारखेपासून करायची. म्हणून पानिपताचं कोणतंही खोकं हाती आलं तर नियम वाचण्याआधी पहिल्या पाळीची तारीख पाहावी. जानेवारी असेल तर तो शौर्याचा खेळ आहे. ऑगस्ट असेल तर तो युद्धाचा असण्याची शक्यता आहे.

नव्या पिढीचे खेळ यात बरेच पुढे गेले आहेत. कोल वर्ली याचा ‘जॉन कंपनी’ (२०१७; सुधारित आवृत्ती २०२२) हा ईस्ट इंडिया कंपनीतल्या इंग्रज घराण्यांच्या हावरटपणाचा बोचरा खेळ आहे. पटावर मराठ्यांचा प्रदेश आहे, पण मराठ्यांच्या खुर्चीत कुणी बसत नाही. हिंदुस्थानात काय होणार ते पत्त्यांवर ठरतं आणि एक लाकडी हत्ती नकाशाभर फिरून पुढचं संकट कुठलं ते दाखवतो. मला हे अपमानास्पद वाटलं नाही, उलट नेमकं वाटलं. लंडनच्या त्या मेजावरून आपण तसेच दिसत असणार. जीएमटीचाच ‘गांधी’ (२०१९) १९१७ ते १९४७चा काळ घेतो आणि प्रांतांतल्या लोकांचा राजवटीला पाठिंबा किती, विरोध किती हे मोजतो. दख्खन हवं असेल त्याने २०२४चा ‘विजयनगर’ पाहावा: दिल्लीची सल्तनत, बहमनी आणि विजयनगर अशा तीन बाजू, १२९० ते १३९८. तिघांची कामं वेगवेगळी आहेत. वाघबकरीवर हात बसलेल्या माणसाला इतरांपेक्षा ते लवकर उमगेल, असा माझा अंदाज आहे. किंमत, वाहतूक आणि जकात मिळून खिसा हलका होतो. चार जणांत वर्गणी काढून घेणं शहाणपणाचं.

या सगळ्यांतून जे उचलायचं ते उचलून आता गुंजण मावळात येऊ. एप्रिल १६६५. मिर्झाराजे जयसिंगांचा पुरंदराला वेढा पडलेला आहे. त्याच वेळी त्यांनी दाऊदखान कुरेशीच्या हाताखाली एक फौज या खोऱ्यांत पाठवली. तिने रोहिड्याच्या बाजूची सुमारे ५० गावं जाळली आणि महिन्याच्या अखेरीस ती राजगडाखाली आली. गडावरून तोफा चालल्या. फौजेने पायथ्याची गावं पेटवली, गडाला हात लावला नाही, आणि गुंजण मावळाच्या खिंडीकडून शिवापूरला निघून गेली. नेहमीच्या पटावर ही मोहीम मांडली तर मोगलांना शून्य गुण. किल्ला घेतला नाही, लढाई जिंकली नाही, एक तुकडा नकाशाभर हिंडून परत आला. प्रत्यक्षात जूनमध्ये पुरंदरचा तह झाला आणि २३ किल्ले गेले, १२ उरले. उरलेल्यांत राजगड आणि तोरणा होते. संजीवनी माचीची दुहेरी चिलखती तटबंदी शाबूत होती, पण गडाला धान्य, माणूस आणि गवत पुरवणारं खोरं जळलं होतं.

म्हणून इथल्या पटावर मार्गासनीच्या घराला आकडा हवा. तटबंदीचा नव्हे, पिकाचा. पावसाळ्यात तो आकडा वाढावा आणि मोठ्या फौजेची चाल निम्म्यावर यावी. मार्गशीर्षात भात घरात आलं की गडाची कोठारं भरता यावीत. फाल्गुन-चैत्रात खोरं उघडं पडावं. गाव जळलं तर आकडा उलटा करून ठेवायचा, आणि तो सुलटा व्हायला दोन पावसाळे लागावेत. गडावरच्या भिडूने प्रत्येक पाळीला ठरवायचं की शिबंदी खाली उतरवून गाव राखायचं की दार लावून बसायचं. १६६५मध्ये राजगडाची शिबंदी खाली उतरली नाही. तो निर्णय भित्रेपणाचा होता की हिशेबाचा, हे पुस्तक वाचून कळत नाही. दोनदा खेळून पाहिलं तर निदान पर्याय काय होते ते कळेल. अंधारासाठी पंच मिळत नसेल तर गावांवर उलटे तुकडे ठेवावेत, त्यांतले काही कोरे. दाऊदखानाला खिंडीपलीकडे दोनशे माणसं आहेत की नुसता धूर, हे पोचल्यावरच कळावं. एवढे नियम चार पानांत बसतात, आणि जमीन तर दिवाळीत अंगणात तयारच असते.

अडतं ते भिडूवर. दिवाळीच्या बाजारात मावळे टोपलीभर मिळतात. मोगल शोधावे लागतात, आणि मिळालेच तर ते पडलेले किंवा पळणारे असतात. अफझलखान मिळतो, पण तोही वाघनखं खाण्यासाठीच. वॉरगेमला मात्र एक माणूस असा लागतो जो मिर्झाराजांच्या खुर्चीत बसून, पानं नीट वाचून, जिंकण्यासाठी खेळेल. आणि दुसरा असा, जो हरल्यावर पट उधळणार नाही. बुद्धिबळात काळ्या मोहऱ्यांना जात-धर्म नसतो, वाघबकरीत बकऱ्यांना नाव नसतं, त्यामुळे हा प्रश्न तिथे उभाच राहत नाही. इथे तो पहिल्या पाळीच्या आधीच उभा राहतो: तू कोण होणार? मी काही तरुण ट्रेकरांपुढे हा १६६५चा डाव शब्दांत मांडला तेव्हा सगळ्यांना गड हवा होता. एक जण तेवढा म्हणाला, दाऊदखान मला द्या. कारण विचारलं तर म्हणाला, गडावरच्याला वाट पाहण्यापलीकडे काय काम आहे, घोडी याच्याकडे आहेत. त्यावर दुसऱ्याने विचारलं, मग पाऊस कधीपासून धरायचा, मृगापासून की आधी? वाद तिथून तासभर चालला. जेठ-आषाढाचा हिशेब, कुठल्या ओढ्याला आधी पाणी येतं, वेळवंडीच्या बाजूने फौज उतरू शकते का, साखरेकडची वाट बैलांना झेपते का. खिंडीत उभं राहून दिसतं त्याहून जास्त भूगोल त्या तासाभरात निघाला, आणि अजून एकही फासा पडला नव्हता.